होऊन जाईल

जानेवारीतली सकाळ होती. पंपावरच्या पोराने नोझल बाहेर काढताना चार थेंब टाकीच्या झाकणाजवळ सांडवले. मी फडक्याने पुसायला गेलो तर काळ्या रंगाचा बोटभर पोपडा फडक्याला चिकटून आला. खाली दुसरा काळा रंग होता, जुना, आणि त्याच्यावर पिवळी अक्षरं: 'सन्न'.

मी खरंच सन्न झालो. मग आठवलं. पूर्ण ओळ 'आई सप्तशृंगी प्रसन्न' अशी होती. १९९४ साली पप्पांनी ही आरएक्स १०० घेतली, तेव्हा पंचवटीतल्या एका पेंटरकडून झाकणाच्या मागे बारीक ब्रशने लिहून घेतलेली. लहानपणी त्यांच्या पुढ्यात टाकीवर बसून मी याच अक्षरांवर बोट फिरवायचो. पुढे कॉलेजात गेल्यावर हीच अक्षरं मला गावठी वाटायला लागली. म्हणून तर गाडी नव्याने रंगवायला दिली होती. आणि पेंटरच्या म्हणण्याप्रमाणे ती अक्षरं ऑक्टोबरातच पत्र्यापर्यंत खरवडली गेली होती. पत्रा उघडा झालेल्या टाकीचा फोटोही त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. पंपावर उभ्या उभ्या मी तो फोटो शोधून मोठा करून बघितला. आमच्या टाकीला डाव्या बाजूला एक जुना पोचा आहे. फोटोतल्या टाकीला पोचाच नव्हता.

या लेखात मला जे शोधायचंय ते एवढंच की त्या माणसाने माझं नेमकं काय वाईट केलं. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण त्याने ठरल्याप्रमाणे चोख काम केलं असतं तर ती अक्षरं आज जगात नसती.

आधी सौदा कसा झाला ते सांगतो. सप्टेंबर २०२४ संपत आला होता. टाकी, दोन साइड पॅनल आणि हेडलाइटचा डबा. आरसीवर रंग काळा, म्हणून काळाच. तो म्हणाला, "भाऊ, पत्र्यापर्यंत घेतो, पोचा काढतो, ईपॉक्सी प्रायमर, पीयू रंग आणि वरून क्लिअरचे दोन हात. साडेसात हजार." मी पाच म्हणालो. तो साडेसहावर आला. मी किल्ली उचलून निघाल्यासारखं केलं. (हे आपण सगळेच करतो आणि नंतर मित्रांना अभिमानाने सांगतो.) तो म्हणाला, "बरं, पाच द्या. कधी पाहिजे?" दसऱ्याला, बारा ऑक्टोबरला. वर परतीचा पाऊस चालू, हवेत दमटपणा, आणि अशा हवेत मारलेला रंग नीट बसत नाही हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तो म्हणाला, "होऊन जाईल."

गाडीचा रंग म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग नव्हे. दिसणारा थर कागदाहून जाड नसतो. खरं काम त्याच्या खाली असतं. जुना रंग उतरवायचा, गंज घालवायचा, पोचा आतून-बाहेरून ठोकून पत्रा जागेवर आणायचा, उरलेल्या खळग्यापुरती लांबी भरायची, सुकू द्यायची, मग पाणी लावून पॉलिश पेपरने घासायचं. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रायमर मारून पुन्हा घासायचं. दोन हातांच्या मध्ये थांबायचं, कारण थिनर उडून जाण्याआधी वरचा हात मारला तर आत कोंडलेला थिनर पुढे फोड होऊन बाहेर येतो. गन हातात धरून रंग मारायला लागतो अर्धा तास, बाकी सगळे दिवस घासण्याचे आणि थांबण्याचे. आणि गिऱ्हाईक बघतं ते फक्त त्या अर्ध्या तासाचं काम. फसवायला इतकी सोयीची रचना दुसऱ्या फार थोड्या धंद्यांत असेल.

आमच्याच जिल्ह्यात येवल्याला हातमागावर पैठणी विणतात. खरी पैठणी ओळखायला जाणकार बायका पदर उलटा करून बघतात, कारण हातविणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ असते. तिथे कामाला उलटी बाजू नाही, त्यामुळे लपवायलाही जागा नाही. टाकीची उलटी बाजू पेट्रोलच्या आत असते.

तरी पप्पांनी ती बघितली होती. दसऱ्याच्या सकाळी गाडी दारात उभी, आरशासारखी चमकत होती. मी झेंडूचा हार बांधत होतो. पप्पांनी टाकीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. उजवीकडे ठण्ण वाजलं, डावीकडे पोच्याच्या जागी बद्द. "लांबी जास्त भरलीय," एवढंच म्हणाले आणि नारळ आणायला आत गेले. ते अंबडच्या एमआयडीसीत प्रेस शॉपला फिटर होते. पत्र्याचा आवाज त्यांना कळतो. गोरा कुंभाराने थापटण्याने संतांची डोकी वाजवून बघितल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, त्यात नामदेव कच्चं मडकं ठरतो. मला त्या गोष्टीत नेहमी नामदेवाची बाजू घ्यावीशी वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ठोकून बघणाऱ्यालाही काही किंमत मोजावी लागत असणार. घरात सण आणि तुम्हाला आवाज बद्द ऐकू आलाय.

आता मूळ प्रश्न. वाईट काम हा गुन्हा आहे का? माणसांनी याचं उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलंय. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, नाव बांधणाऱ्यासाठी कलम आहे: काम कच्चं राहून वर्षाच्या आत नावेत दोष निघाला तर त्याने ती स्वखर्चाने मजबूत करून द्यायची. ही एक वर्षाची वॉरंटीच झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाची सुरुवातच कारागिरांपासून लोकांचं रक्षण कसं करायचं इथून होते. सांगितल्यापेक्षा वेगळं काम केलं तर मजुरी बुडते, वर तिच्या दुप्पट दंड. त्या हिशेबाने माझा पेंटर पंधरा हजारांना बुडाला असता. आणि आज २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात याला 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील लागत नाही, आधी १९१५ला फोनही करता येतो.

मी फोन केला नाही. आळस हे एक कारण आहे, ते लपवत नाही. दुसरं असं की कायद्यापुढे मला 'त्रुटी' सांगावी लागली असती, आणि माझी तक्रार त्रुटीबद्दल नव्हती. हात कच्चा असणं वेगळं आणि शब्द खोटा असणं वेगळं. नवशिक्या पोराने मन लावून रंग मारला आणि फोड आले, तर मी चिडलो असतो पण फसवलं गेल्यासारखं वाटलं नसतं. इथे पोपडा निघाला त्यापेक्षा तो फोटो मला जास्त लागला. त्या माणसाने दुसऱ्याची टाकी शोधली, उजेडात धरली, फोटो काढला आणि मला पाठवला. तेवढ्या वेळात आमची टाकी निदान एकदा तरी घासून झाली असती.

मग मी आजच्या माणसाचा दंड उगारला. गुगलवर एक स्टार दिला आणि खाली लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर त्याचं दुकान डोळ्यांपुढे आलं. दहा बाय बाराचा गाळा, शटर अर्धं खाली, आत सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा तोंडाला रुमाल बांधून गन चालवतोय. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होऊ शकतो, नीट मास्क आणि वारा लागतो, रुमालाने काही होत नाही. मी अडीच हजार रुपये वाचवले होते. ते कुठून आले असतील? रंगाचा डबा तर तेवढ्यालाच येतो, भाडं तेवढंच असतं. घासाघीस करून मी जे कापलं ते घासण्याचे तास होते, थांबण्याचे दिवस होते, कदाचित त्या पोराचा मास्क होता. न दिसणाऱ्या गोष्टीच तेवढ्या कापता येतात. मी खोटं काम मागितलं नव्हतं, पण खऱ्या कामाचे पैसे न देता ते मागितलं होतं.

पण इथे मला जरा थांबायचंय, कारण या वळणावर आपण फार पटकन उदार होतो. 'व्यवस्थाच तशी आहे' म्हटलं की पेंटर सुटतो आणि त्याच्यासोबत मीही सुटतो. माझ्या घासाघिशीने त्याचं खोटं खरं होत नाही. त्याच्याकडे तिसरा रस्ता होता. "पाच हजारांत पत्र्यापर्यंत होत नाही, वरच्यावर रंग मारून देतो, वर्षभर टिकेल" असं सांगता आलं असतं. ते खरं असतं, आणि मी बहुधा हो म्हणालो असतो. गिऱ्हाईक जाईल या भीतीने तो ते बोलला नसेल, ही भीती मला समजते. पण त्याने भीतीचा भार स्वतःवर घेण्याऐवजी गुपचूप माझ्या टाकीवर टाकला. स्टार मी पुसला आणि मजकूरही.

राहिली ती अक्षरं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली या गुंत्याला 'मॉरल लक' असं नाव दिलं. नेगेलचं उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. ब्रेक तपासून न घेता दोघं ट्रक चालवतात. एकाच्या आडवं मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. निष्काळजीपणा सारखाच, पण जग एकाला आयुष्यभर दोषी धरतं आणि दुसऱ्याला ओळखतही नाही. माझा पेंटर तर त्या दुसऱ्या ड्रायव्हरच्याही पुढचा, त्याच्या कामचुकारपणाने एक वस्तू वाचवली. आणि मी? मी पैसे मोजून, पप्पांना एका शब्दाने न विचारता, त्यांची ओळ पत्र्यापर्यंत खरवडायला सांगितली होती. हेतूकडे बघितलं तर आमच्या दोघांत मीच जास्त नुकसान करायला निघालो होतो. फक्त मी ते उघडपणे आणि माझ्याच मालकीच्या समजुतीने करत होतो. त्याने माझ्यावर उपकार केले असं मात्र मी मानत नाही. जे वाचवायचं आहे हे त्याला माहीतच नव्हतं, ते वाचल्याचं श्रेय त्याला कसं देणार? अक्षरांकडे बघितलं की मला त्याचा राग येत नाही. फोटो बघितला की येतो.

शेवटी गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो. तोवर मी नखाने आणखी पोपडे काढले होते, 'सप्तशृं' आणि 'प्रसन्न' एवढं मोकळं झालं होतं. त्याने टाकीकडे बघितलं आणि सुरुवात नेहमीप्रमाणेच केली: "पेट्रोल सांडलं असेल. रंग उडाला, भाऊ. राहून गेलं असेल घासायचं." मराठीत ही मोठी सोय आहे. रंग उडतो, काम राहून जातं, उशीर होतो, आणि सगळं शेवटी होऊन जातं. करणारा कुणीच नसतो. ऑफिसात मीही अशीच वाक्यं बोलतो, मेल पाठवायची राहून जाते माझीही.

मी मोबाइल काढून फोटो दाखवला. "ही टाकी कुणाची?"

त्याने बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. आतला कॉम्प्रेसर सुरू होता, त्याने पोराला तो बंद करायला सांगितला. मग म्हणाला, "दुसऱ्याची आहे. तुमची मी खरवडली नव्हती. टाइमच नव्हता." शेवटच्या दोन शब्दांआधी तो थांबला असता तर मला जास्त आवडलं असतं, पण 'मी' हा शब्द आला होता.

तो म्हणाला, पुन्हा करून देतो, फुकट, या वेळी पत्र्यापर्यंत. मी म्हणालो, नको, ही अक्षरं ठेवायचीत. बाकीचा वरचा रंग अलगद काढ आणि अक्षरांवर नुसता क्लिअरचा हात मारून दे, म्हणजे टिकतील.

तो खाली वाकला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, 'न्न'च्या खालच्या वळणापाशी थांबला. "हात चांगला होता याचा," म्हणाला. मग उठून फडक्याला हात पुसत म्हणाला, "हे जुनं इनॅमल आहे. वरून क्लिअर मारला तर थिनर खाली उतरेल आणि अक्षरं आकसतील. नाही होणार, भाऊ. पाहिजे तेवढे पैसे द्या, नाही होणार."

मी गाडी तशीच घरी आणली. संध्याकाळी पप्पा अंगणात स्टूल घेऊन बसले आणि पाण्यात भिजवलेल्या बारीक पेपरने 'गी'वरचा पोपडा सोडवायला लागले. मी मग्यातून पाणी सोडत होतो. 'आई' अजून निघालेली नाही.