शिक्षा कीं उपचार?

अपराध्यास शिक्षा झालीच पाहिजे असें म्हणणाऱ्यास निर्दय ठरवूं नये. ज्या घरचें धान्य मुलाच्या गांजापायीं विकलें गेलें, त्या घरच्या माउलीच्या अश्रूंचा जाब कोणीं तरी विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारणें आणि तुरुंगांत घालणें हें एकच आहे काय?

आपल्या देशांतील अमली पदार्थांविषयींचा १९८५ चा कायदा कडक आहे. तरी त्याच्या ३९ व्या कलमांत एक निराळी वाट ठेविली आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (गांजा १ किलोपर्यंत, हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत) अपराध शाबीत झालेला मनुष्य व्यसनी असल्यास, न्यायालय त्याचें वय, वर्तन व प्रकृति पाहून, त्याच्या संमतीनें, तत्काळ शिक्षा न देतां त्यास सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयांत उपचारासाठीं सोडूं शकतें. त्यानें मुचलका लिहून द्यावा, आणि फार तर १ वर्षाच्या आंत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढें ठेवावा. कलम ६४-अ प्रमाणें, असा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन उपचार पूर्ण करील, तर त्याजवर खटलाच चालत नाहीं. अर्धवट सोडील, तर ही सवलत काढून घेतां येते.

कोणी म्हणतील, तुरुंगाच्या भयानें दिलेली संमति हा पश्चात्ताप नव्हे. उधळ्या पुत्रास तरी शुद्धीवर कोणीं आणिलें? भुकेनेंच. बापानें त्याबद्दल त्याची उलटतपासणी केली नाहीं.

त्या १ वर्षाच्या मुदतीवरून मला लूककृत शुभवर्तमानांतील निष्फळ अंजिराचें झाड आठवतें. माळ्यानें धन्यापाशीं एकच वर्ष मागितलें. झाड चांगलें आहे असें तो म्हणाला नाहीं, आणि पुढें तें तोडूं नये असेंहि नाहीं. त्यानें आळें खणून खत घालण्याचें काम मात्र आपणाकडे घेतलें. न्यायाधीश वर्ष देऊं शकेल, पण खणण्यास तो आपल्या गांवीं येणार नाहीं.

आणि येथेंच आमची मंडळी उणी पडते. लाजेमुळें आईबाप मुलाचें व्यसन झांकून ठेवितात, तोंवर आपण होऊन उपचार घेण्याची वेळ निघून जाते. रुग्णालयांतून परतलेल्यास उपासनेंत शेजारीं बसवून घ्यावयास कोणी पुढें होत नाहीं. जुने सोबती मात्र पारावर वाट पाहत असतात. उपदेशकानें रुग्णालयांत व न्यायालयाच्या तारखेस त्याच्याबरोबर जावें. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यांत त्यास शेतावर मजुरीस कोण बोलावील, हें वडिलांनीं तो येण्यापूर्वींच ठरवावें.