तुमच्या तोंडून येईल तेवढंच इंग्रजी

गेला आठवडाभर शाळांमध्ये मागच्या बाकावर बसून मी तुमचे पाठ पाहिले. निरीक्षण वहीत चार शब्द लिहिले आणि गप्प राहिले, कारण मुलांसमोर तुमचा पाणउतारा करणं मला पटत नाही. आता समोर मुलं नाहीत. बी.एड.ला इंग्लिश मेथड घेतलेले तुम्ही सगळे इथे आहात, तेव्हा ऐका.

नववीचा वर्ग, हातात 'माय इंग्लिश कोर्सबुक'. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, लगेच त्याचा मराठी अर्थ सांगायचा, मग पुढचं वाक्य. अख्खी तासिका हेच चाललं होतं, आणि एकाच्या नाही, जवळजवळ सगळ्यांच्या पाठात. तुमचं लक्ष पुस्तकात होतं, माझं मुलांकडे. इंग्रजी वाक्य सुरू झालं की मुलं इकडेतिकडे बघत, मराठी सुरू झालं की मान वर करत. यात मुलांची काय चूक? अर्थ पुढच्या क्षणी मराठीत आयता मिळणार आहे हे एकदा कळल्यावर इंग्रजी ऐकण्याचे कष्ट कोण घेईल? शेवटी तुम्ही विचारलंत, "समजलं का?" वर्ग एका सुरात "हो" म्हणाला आणि तुम्ही समाधानाने खाली उतरलात. मुलांना गोष्ट समजली, पण ती मराठीत. इंग्रजीच्या तासाला त्यांनी इंग्रजीचं एकही वाक्य स्वतः तयार केलं नाही, एकाही इंग्रजी प्रश्नाला स्वतःच्या शब्दांत उत्तर दिलं नाही.

वर्गात मराठी बोलूच नका, असं मी कधीही म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. 'ऑनेस्टी' समजावायला पाच मिनिटं हातवारे करण्यापेक्षा 'प्रामाणिकपणा' म्हणा आणि पुढे चला. एखादं गुंतागुंतीचं वाक्य मराठीत उलगडून सांगा. पण 'ओपन द विंडो'ला भाषांतर कशासाठी? खिडकी समोर आहे, तुम्हाला हात आहेत, मुलाला डोळे आहेत. तुम्ही मराठीत शिरता ते मुलाची अडचण पाहून नाही. इंग्रजीत सलग चार वाक्यं बोलायची वेळ आली की तुमचेच पाय लटपटतात, म्हणून शिरता. ती अडचण तुमची आहे. तिची किंमत मुलांनी का मोजायची?

ज्यांच्यासमोर तुम्ही उभे राहणार आहात त्यांच्यातल्या एखाद्या मुलीचा विचार करा. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, गल्लीत नाही, शेतावर नाही, आठवडी बाजारात नाही. मोबाइलवर इंग्रजी ऐकू येतं, पण मोबाइल त्या मुलीला प्रश्न विचारून तिच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही, ती अडखळली तर शब्द पुरवत नाही. हे करणारं तिच्या आयुष्यात एकच माणूस असतं, ते म्हणजे तिचे इंग्रजीचे सर किंवा मॅडम. दिवसाकाठी एक तासिका. त्या तासिकेत तुमच्या तोंडून जेवढं येईल, तेवढंच जिवंत इंग्रजी तिच्या वाट्याला येणार. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे नववीतली मुलगी आठ वर्षं इंग्रजी शिकून तुमच्यापर्यंत पोहोचते. तरीही 'असर'च्या २०२२च्या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली नाहीत. ती आठ वर्षं कुठे गेली, असं तुम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांना विचारत होतात. तुमच्यासारखेच पाठ ऐकण्यात गेली.

आता उच्चार. हा विषय काढला की तुमच्यातले अर्धे म्हणतात, "मॅडम, आपल्याला काय साहेबासारखं बोलायचंय?" नाही बोलायचं. मराठी माणसाने मराठी वळणाचं इंग्रजी बोलावं, त्यात कमीपणा नाही. पण वळण असणं आणि चुकीचं शिकवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. परवा आठवीच्या एका वर्गात एका मुलाने भूतकाळी क्रियापद 'लुक्ट' असं अगदी बरोबर वाचलं. तुमच्यातल्या एकाने त्याला मध्येच थांबवून 'लुक-एड' म्हणायला लावलं, वर सगळ्या वर्गाकडून तीनदा घोकून घेतलं. तो मुलगा यापुढे जन्मभर 'लुक-एड' म्हणेल, कारण शिक्षकांनी सांगितलं आहे. मला त्या क्षणी उठून फळ्याजवळ यावंसं वाटलं होतं.

हा नियम अवघड नाही. क्रियापदाच्या शेवटी क, प, स, श, च यांसारखा अघोष आवाज असेल तर पुढे ट येतो: 'लुक्ट', 'वॉश्ट'. घोष आवाज किंवा स्वर असेल तर ड: 'ओपन्ड', 'प्लेड'. मूळ क्रियापदच ट किंवा ड ने संपत असेल तर मात्र वेगळा अवयव येतो: 'वॉन्टिड', 'नीडिड'. अनेकवचनाचंही तसंच: 'कॅट्स'मध्ये स, 'डॉग्ज'मध्ये ज, 'बॉक्सेस'मध्ये नवा अवयव. हे तुम्ही पहिल्याच सत्रात ध्वनिविचाराच्या टिपणांत उतरवून घेतलंत, परीक्षेत लिहिलंत, मार्क घेतलेत. मग वर्गात ते कुठे जातं?

आणि मराठीनेच तुमच्या हाती दिलेलं भांडवल तुम्ही वापरत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. 'जुना'तला ज आणि 'जीव'मधला ज वेगळा आहे, हे आपल्या मुलांच्या जिभेला न शिकवता येतं. 'जीप' म्हणताना 'जीव'मधला ज घ्या, 'झू' म्हणताना 'जुना'तल्या ज च्या जवळ जा, एवढं सांगितलं की काम होतं. पुढे आघात आहेच. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो आणि 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. मराठीत असं होत नाही, म्हणून हे मुद्दाम ऐकवावं लागतं, टाळी वाजवून, पुन्हा पुन्हा. तुमच्या एकाही पाठात मी टाळी ऐकली नाही.

इंग्रजी माध्यमातून आलेले चौघे-पाच जण आतापर्यंत निवांत बसले आहेत, हे सगळं दुसऱ्यांना चाललंय असं समजून. तुमच्याशी मला जास्त कडक बोलायचं आहे. तुम्हाला फाडफाड बोलता येतं आणि तेवढ्यावर आपण शिक्षक झालो, असं तुम्ही धरून चालला आहात. एका मुलीने तुमच्यातल्या एकीला विचारलं, "मॅडम, 'सिन्स टू इयर्स' का चुकीचं?" उत्तर मिळालं, "तसं म्हणत नाहीत." हे उत्तर नाही. त्या मुलीला मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' या दोन्ही ठिकाणी एकच 'पासून' पुरतो. इंग्रजी तिथे विचारतं की हा सुरुवातीचा क्षण आहे की कालावधी आहे. क्षण असेल तर 'सिन्स', कालावधी असेल तर 'फॉर'. एवढं सांगितलं असतं तर त्या मुलीला स्वतःची चूक पुन्हा स्वतःच पकडता आली असती. 'तिच्याशी लग्न'मधून 'मॅरीड विथ' येतं, 'मला म्हणाला'मधून 'सेड मी' येतं, आणि मराठीत उपपदच नसल्यामुळे 'द' कुठे घालायचा हे कळत नाही. या चुका आळशीपणाच्या नाहीत. त्यांना घर आहे, पत्ता आहे. तो पत्ता ज्याला माहीत नाही त्याचं अस्खलित इंग्रजी वर्गात काहीच कामाचं नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या तुमच्या मैत्रिणीने या सगळ्या चुका स्वतः केल्या आहेत, तिला त्या आतून माहीत आहेत. पण ती न्यूनगंडाने गप्प बसते आणि तुम्ही तिला विचारत नाही.

आता पाठ टाचणांविषयी. गेल्या वर्षीच्या बॅचच्या वह्या कुणाकडून कुणाकडे फिरत आहेत, हे मला माहीत आहे. उद्दिष्टांचे शब्द तेच, फलकलेखनाचा नमुना तोच, एका वहीत तर शाळेचं नावही जुनंच राहिलं. सूक्ष्म अध्यापनातही तीच तऱ्हा. त्याचं चक्र छत्तीस मिनिटांचं असतं: सहा मिनिटं अध्यापन, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, सहा पुनर्अध्यापन आणि पुन्हा सहा प्रत्याभरण. यातला सगळ्यात मोठा वाटा बदल करण्यासाठी ठेवला आहे. तुम्ही पहिला सहा मिनिटांचा पाठ घेता आणि उरलेलं चक्र झालं असं वहीत लिहून टाकता. पुनर्अध्यापन न घेता त्याची नोंद करणं ही लबाडी आहे, आणि मी ती यापुढे सही करून खपवून घेणार नाही. ज्या व्यक्तीने स्वतःचा फसलेला पाठ दुसऱ्यांदा घेऊन पाहिलेला नाही, ती मुलाला 'पुन्हा प्रयत्न कर' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

परीक्षेत एन. एस. प्रभूंच्या बेंगळुरू प्रकल्पावर तुम्ही पानभर लिहिता. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं मुलांसमोर ठेवली, त्यातून प्रश्न सोडवायला लावले. मुलं उत्तर शोधण्यात गुंतली की भाषा आपसूक वापरात येते, हा त्यांचा विचार. वेगळा पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. आपल्या एस. टी. स्टँडवर वेळापत्रक लागलेलं असतं. त्यावरून पाच इंग्रजी प्रश्न काढायला किती वेळ लागतो? तुम्ही थर्माकोलवर झाडाचे भाग रंगवून आणलेत आणि पाठ संपेपर्यंत ते टेबलावर तसेच पडून होते.

ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात असताना मायकेल वेस्ट याने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक प्रश्न मांडला होता. बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात. ज्या वर्षी सोडतील त्या वर्षापर्यंतच्या शिक्षणातून त्यांच्या हाती काय उरतं? त्याचं उत्तर होतं: निदान वाचता यावं. तुमच्या वर्गातली काही मुलं दहावीनंतर कामाला लागतील, काही मुलींची लग्नं लावली जातील. औषधाच्या बाटलीवरची सूचना, बँकेचा अर्ज, यंत्राचं माहितीपत्रक त्यांना वाचता येणार आहे का, हे तुमच्या पाठ टाचणात कुठेही दिसत नाही.

नोकरीची काळजी मला कळते. शिक्षक भरतीच्या टीएआयटी परीक्षेचा अभ्यास करायचा, पवित्र पोर्टलवर नाव लागेल की नाही याची धास्ती, घरून फोन. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण "नोकरी लागली की शिकू" हे मी ऐकणार नाही. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१५पासून तो दोन वर्षांचा झाला आणि शाळेत राहून शिकण्यासाठी त्यात वीस आठवडे दिले गेले, चार पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या. ही सवड तुमच्यासाठी काढली आहे. नोकरी लागल्यावर सत्तर मुलांचा वर्ग, तपासायच्या वह्या, निवडणुकीची कामं आणि माहितीचे तक्ते असतील. मागच्या बाकावर बसून तुमची चूक सांगणारं कोणी नसेल.

काल मी विचारलं, शेवटचं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणी, कधी वाचलं? दोन हात वर आले. इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसांच्या वर्गात दोन हात. कठीण ग्रंथ नको. आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५चं आहे, शाळकरी मुलांविषयी आहे आणि भाषा इतकी साधी आहे की शब्दकोशाची फारशी गरज पडत नाही. ग्रंथालयात त्याच्या प्रती आहेत. आज घ्या.

सोमवारपासून प्रत्येकाने रोज सकाळी दहा मिनिटं मोठ्याने इंग्रजी वाचायचं आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून स्वतः ऐकायचं. कुठे अडखळलात ते वहीत टिपायचं. ती वही मी पाहणार आहे. जुन्या बॅचची टाचणं आजच्या आज परत करा. आठवीच्या त्या वर्गात जाऊन 'लुक-एड' दुरुस्त करून यायचं आहे. ज्याने शिकवलं त्यानेच जायचं, मुलांना सांगायचं की माझं चुकलं होतं, आणि मग पुनर्अध्यापन घ्यायचं. मी मागच्या बाकावर असेन.