सत्कार कशाचा?

आमचें गांव राष्ट्रीय महामार्गाच्या कडेस वसलेलें आहे. गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस येथील पोलिसांनीं मध्यरात्रीं एक मालमोटार अडवून नारळांच्या पोत्यांखालीं दडविलेला गांजा पकडला. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरील डोंगराळ मुलखांतून निघालेला असा माल हमरस्त्यांनींच महाराष्ट्रांतील शहरांकडे येतो, हें सर्वश्रुत आहे. नागरिकांनीं पोलिसांच्या सत्काराची सभा ठरविली आणि चार शब्द बोलण्याचें काम माझ्याकडे आलें. तें स्वीकारल्यावर मात्र मनांत प्रश्न उभा राहिला, कीं हा सत्कार आपण नेमका कशाचा करीत आहों?

माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचें मत स्पष्ट होतें. “पगार घेऊन काम केलें, त्यांत सत्कार कसला? टपालवाल्यानें पत्र आणून दिलें म्हणून आपण त्याच्या गळ्यांत हार घालतों काय?” हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. फलाची आशा न धरितां कर्म करावें, ही शिकवण आपल्या हाडींमासीं खिळलेली आहे. परंतु ती शिकवण कर्म करणाऱ्यासाठीं आहे. त्या कर्माचें फळ चाखणाऱ्यासाठीं नाहीं. कर्त्यानें मोबदल्याची अपेक्षा धरूं नये हें जितकें खरें, तितकेंच उपकृतानें कृतघ्न होऊं नये हेंही खरें. पहिल्या नियमाच्या आडोशास उभें राहून दुसरा मोडणें ही सोयीची चलाखी होय. आमच्या आळींतील एका बाईंचा वीस वर्षांचा मुलगा गर्दाच्या पायीं गेला. त्या घराकडे पाहिलें म्हणजे ‘उपकार’ हा शब्द मला जड वाटत नाहीं.

मग कर्तव्यनिष्ठेचा सत्कार, असें म्हणून मोकळें होतां येईल काय? इतिहास तसें होऊं देत नाहीं. १८३० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनें माळव्याच्या अफूसाठीं परवान्याची पद्धत सुरू केली. पेटीमागें ठराविक रक्कम भरली कीं ती अफू राजरोस मुंबई बंदरांत येई आणि तेथून चीनकडे जाई. त्या पेट्यांवर पहारा करणारा एखादा शिपाईही इमानी असेल. त्यानेंही लांच घेतली नसेल. तरी त्याच्या इमानाचें फळ परक्या देशांतील संसारांच्या नाशांतच झालें. आज्ञापालन हा गुण खरा. परंतु ज्या हेतूच्या सेवेस तो लागतो, त्या हेतूवरच त्याचें मोल ठरतें.

आपल्या सभांत मात्र तें ठरतें वजनावर. किती किलो माल आणि किती लाखांचा, हें सांगितलें कीं टाळ्या पडतात. कायद्यानेंही वजनाच्या पायऱ्या आंखल्या आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याप्रमाणें गांजा १ किलोपर्यंत अल्प प्रमाण आणि २० किलोंच्या वर व्यापारी प्रमाण. हेरॉईनच्या बाबतींत हेच आंकडे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाणास १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आहे. परंतु हा तराजू शिक्षेचा आहे; सन्मानासाठीं तो उसना घेतां येत नाहीं. एखाद्याच्या हातीं खबरीमुळें एका रात्रींत शेंकडों किलो लागतात. दुसरा वर्षभर नाक्यावर उभा राहतो, मोटार सोडून देण्यासाठीं पुढें आलेलें नोटांचें पुडकें परत करतो, आणि त्याच्या नांवावर कांहींच जमा होत नाहीं. वजनावर मान मिळूं लागला म्हणजे वजन वाढविण्याचा मोह होतो, आणि चालक सांपडल्यावर मालकाचा माग सोडून देण्याचाही होतो.

त्या मोटारीचा चालक सभेच्या दिवशीं तुरुंगांत होता. त्याचें म्हणणें, मीं नारळ भरले, बाकीचें मला ठाऊक नाहीं. हें कायद्याचें फार कठोर अंग आहे. माल त्याच्या ताब्यांत होता असें ठरलें, कीं आपणांस माहिती नव्हती हें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. व्यापारी प्रमाण असेल तर जामीनही दुर्मिळ. ज्या कायद्यांत आरोपीचें पारडें मुळांतच हलकें, तेथें त्याला ठेविलेले थोडे हक्क तरी पाळले जाणें हीच न्यायाची लाज राखणें होय. अंगझडतीपूर्वीं, ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी असा तुझा हक्क आहे, हें त्याला सांगितलेंच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १९९९ मध्यें दिला. त्या रात्रीं पंच म्हणून गेलेल्या आमच्या किराणा दुकानदारानें मला सांगितलें कीं, तरुण फौजदारानें चालकाला हें दोनदां समजावून सांगितलें, आणि अधिकारी येईपर्यंत सगळे पावसांत दोन तास ताटकळत उभे राहिले. दुकानदाराची त्याबद्दल तक्रार होती. मला मात्र माझ्या प्रश्नाचें उत्तर त्या तक्रारींत सांपडलें.

सभेंत मीं तेवढेंच सांगितलें. चालक दोषी कीं निर्दोष, हें न्यायालय ठरवील. आपली सभा हें न्यायालय नव्हे, आणि पोत्यांचें वजन हें आपल्या कृतज्ञतेचें माप नव्हे. ज्याच्यावर आपला राग आहे त्याचाही हक्क अंधारांत, कोणी पाहत नसतां, ज्यानें राखला, त्याच्या हातीं आपलीं मुलें आणि आपले रस्ते निर्धास्तपणें सोंपवितां येतात. सत्कार करावयाचा तो याचा. टाळ्या बेताच्याच पडल्या. पुढच्या रांगेंत आमच्या आळींतील त्या बाई बसल्या होत्या. त्यांनीं टाळी वाजविली नाहीं. पण माझें बोलणें संपेपर्यंत त्यांनीं मान खालीं घातली नाहीं.

व्यासपीठावर वरिष्ठ अधिकारी होते. तो फौजदार त्या दिवशीं नाक्यावर कामावर होता, म्हणून त्याच्या नांवाची शाल टेबलावरच घडी करून राहिली. सभा संपल्यावर माझ्या शिक्षक स्नेह्यांनीं ती उचलली. “नाक्यापर्यंत चालत जाऊं,” ते म्हणाले, “पण हार नको. त्याला अवघडल्यासारखें होईल.”