काळीज जाळणारी दया

उन्हाळ्यात चिखलीकडे शेतकरी धुरा पेटवतो, पण आगीवरची नजर हलवीत नाही. हे आठवायचे कारण, डॉक्टरही काळीज जाळतात! हृदयविकाराच्या झटक्यानंतर व्रण उरतो. त्यातल्या जिवंत तंतूंतून वीज गरगर फिरू लागली की ठोके बेफाम होतात, माणूस क्षणात दगावू शकतो. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन ती वाट जाळायची, हा उपचार १९८०च्या दशकातला. तेव्हा विजेचा धक्का देत. आता आधी हृदयाचा विद्युत-नकाशा काढून नेमकी जागा तापवतात.

ज्याला वाचवायचे त्यालाच जाळायचे, ही दया कसली? कमी जाळले तर विकार उलटतो, अधिक जाळले तर धडधाकट भागही जातो. मला वाटते, दया हात आखडण्यात नाही. कुठे थांबावे हे आधी जाणण्यात आहे. पणतीची वातसुद्धा आपण बेतानेच सारतो ना?