कुरटे बेटावरचा पाहुणा आणि तीर्थाचा अर्थ

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे, या धातूपासून आला असून पाण्यातून पलीकडे जाण्याचा उतार हा त्याचा मूळ अर्थ आहे. पुढे पवित्र स्थळ आणि देवापुढे तळहातावर घेऊन प्यायचे पाणी हे अर्थही त्याला येऊन मिळाले. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यात, होडीने जाणाऱ्या माणसाला हे तिन्ही अर्थ एकाच फेरीत भेटतात, कारण तो पाणी ओलांडतो, शिवराजेश्वराच्या मंदिरात हात जोडतो आणि चहूकडे खारा समुद्र असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींत गोडे पाणी पाहतो. तरीही तो स्वतःला यात्रेकरू म्हणवत नाही, पर्यटक म्हणवतो. या बेटावरच्या किल्ल्याचेच नाव १९८१ मध्ये स्थापन झालेल्या जिल्ह्याला आणि पुढे ओरोस येथील त्याच्या मुख्यालयाला मिळाले, आणि १९९७ मध्ये हाच जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यामुळे आनंदासाठी केलेला प्रवास आणि तीर्थयात्रा यांत मुळात भेद कोणता, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

महाभारताच्या वनपर्वात या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर आहे. ज्याचे हात, पाय आणि मन संयत आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे तेथे सांगितले आहे. याचा अर्थ असा की, स्थळाचे पावित्र्य पुरेसे नसते. तेथे जाणाऱ्याचा हात काय उचलतो, पाय कशावर पडतो आणि मन कशासाठी हपापते, यावर यात्रेचे यात्रापण ठरते.

या कसोटीचे प्रतीक शोभावे अशी एक खूण किल्ल्यातच आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली, त्यापूर्वी किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा येथे पूजन झाले. समुद्रात दगड रचण्याआधी त्या जागेपुढे नम्र होण्याचा तो विधी होता. पुढे याच किल्ल्यात महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा भाविकांनी जपला. ज्या हातापायांनी येथे निर्माण केले त्यांना वंदन करणाऱ्याने स्वतःच्या हातापायांचाही हिशेब ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मालवणच्या सागरी अभयारण्यात तर हा उपदेश शब्दशः लागू पडतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या या क्षेत्रात प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे इवल्या सजीवांच्या वसाहती, ज्या चुन्याचा सांगाडा रचत अतिशय मंद गतीने वाढतात. पाण्याखालचे सौंदर्य पाहायला उतरलेल्या माणसाचा एक पाय त्यांवर पडला किंवा आठवण म्हणून हाताने एक तुकडा तोडला गेला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात नष्ट होते.

राहिला प्रश्न मनाचा, आणि तो जिभेवर येऊन ठेपतो. रातांब्याची साले त्याच फळाच्या रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसूल होते, आणि त्याचा अर्क नारळाच्या दुधात मिसळला की सोलकढी होते. म्हणजे पाहुण्याच्या पेल्यात मागच्या उन्हाळ्याचे ऊन आणि कुणाचे तरी कष्ट असतात. माडाच्या पोयीतून झरणारा रस पहाटे गोड नीरा असतो आणि दिवस चढेल तसा आंबून माडी होतो. ती काढण्यासाठी उंच माडावर चढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. असे पेय घेण्यात पाप नाही. मात्र देवांनी दिलेले त्यांना काहीच परत न करता जो भोगतो त्याला गीतेचा तिसरा अध्याय ‘स्तेन’, म्हणजे चोर, म्हणतो. तेथील यज्ञाची कल्पना केवळ अग्नीपुरती नाही, ती घेण्यादेण्याच्या चक्राची आहे. पाण्याच्या बाबतीत हे चक्र प्रत्यक्ष दिसते: समुद्राकाठच्या भूमीत पावसाचे हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, आणि उपसा मुरण्यापेक्षा वाढला की विहिरीत खारेपण शिरते.

म्हणूनच पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद राहतात, या गोष्टीकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये. वाटेवरच्या जीवांची हिंसा टळावी म्हणून संन्यासी चातुर्मासात एकाच ठिकाणी राहत. त्याच दिवसांत येथे खवळलेला समुद्र माणसाला थांबवतो, भूमीत पाणी मुरते, आणि नारळी पौर्णिमेला मालवणचा माणूस समुद्राकडून काही घेण्याआधी त्याला नारळ अर्पण करतो. पर्यटकाने देवभक्त असावे अशी अट तीर्थ घालत नाही; आधी देणे आणि मग घेणे हा या किनाऱ्याचा क्रम त्याने पाळला, तर तेवढ्याने त्याची होडी तीर्थाला लागते.