स्वस्ताईची अब्रू

स्वस्त वस्तू आणि हलकी वस्तू या दोहोंत काही भेद आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. परंतु थोडा विचार करू लागले म्हणजे तो नीतिशास्त्राच्या अंगणात येऊन उभा राहतो. आपल्या पांढरपेशा घरांतून त्याचे उत्तर बहुधा विचार न करताच दिले जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पिढीत ‘जपानी माल’ हे दोन शब्द नाक किंचित मुरडूनच उच्चारले जात. चार दिवस चकाकणार आणि पाचव्या दिवशी मोडणार, असा त्यांचा अर्थ. त्याच जपानचे एक माफक किमतीचे घड्याळ आज माझ्या मनगटावर आहे, आणि त्याच्या निमित्ताने हा जुना निवाडा पुन्हा तपासून पाहावा असे वाटते.

घड्याळ सेको कंपनीचे असून ‘सेको ५’ हे त्याच्या मालिकेचे नाव. ही मालिका १९६३ साली निघाली. नावातील पाचाचा आकडा म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली पाच वचने होत. मनगटाच्या हालचालीने घड्याळाला आपोआप किल्ली मिळावी, वार व तारीख एकाच खिडकीत दिसावी, पाण्यापासून त्याचा बचाव व्हावा, किल्लीची कळ चाराच्या आकड्यापाशी आत दडलेली असावी, आणि कवच व पट्टा टिकाऊ असावा. यांत सोन्याचा उल्लेख नाही, प्रतिष्ठेचा नाही. आतील रचनाही अशीच काटकसरीची आहे. हात हलला की एक अर्धवर्तुळाकार वजन फिरते. ते कोणत्याही दिशेने फिरो, दोन नख्यांची एक लहानशी तरफ एका नखीने दात्यांचे चाक ओढते व दुसरीने ढकलते, आणि कमान गुंडाळली जाते. ही तरफ त्या कंपनीने १९५९ साली योजली. जे काम करावयास इतरांना अनेक चाके लागत, ते तिने एका साध्या तुकड्यावर भागविले. येथे स्वस्ताई कमअस्सल धातूतून आलेली नाही; ती बुद्धीतून आली आहे.

तथापि मला याहून अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. माझ्या घड्याळात ‘४आर३६’ नावाचे यंत्र आहे. ते सेकंदाला सहा ठोके देते, म्हणजे दिवसाकाठी ५,१८,४०० ठोके. आणि ते दिवसाला फार तर ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाईल, असे खुद्द कंपनीच सांगते. आपल्या चुकीची मर्यादा आधीच छापून देणारा विक्रेता बाजारात किती वेळा भेटतो? आम्हा प्राध्यापकांनी तासागणिक आपण किती चुकतो याचा आकडा वर्गाच्या दारावर लावावयाचे ठरविले, तर महाविद्यालयांतून मोठीच शांतता नांदेल.

याच्या शेजारी रस्त्याच्या कडेला मिळणारे नकली स्विस घड्याळ ठेवून पाहावे. त्याच्या पोटात बहुधा स्फटिकावर चालणारे यंत्र असते, आणि वेळ ते माझ्या घड्याळापेक्षा अधिक बिनचूक दाखविते. परंतु तबकडीवरचे नाव खोटे. एक घड्याळ वेळेविषयी थोडे चुकते आणि स्वतःविषयी खरे बोलते. दुसरे वेळेविषयी खरे आणि स्वतःविषयी लबाड. वस्तूचा हलकेपणा ठरवावयाचा तर तो या ठिकाणी ठरवावा, किमतीच्या चिठ्ठीवर नव्हे.

असे म्हणण्यास या घराण्याच्या इतिहासातही आधार सापडतो. किंतारो हात्तोरी याने १८८१ साली टोकियोत आपले दुकान काढले. ज्या देशात १८७३ पर्यंत दिवसाच्या व रात्रीच्या घटका ऋतूप्रमाणे लांब-आखूड होत, त्याच देशात १९१३ साली त्याच्या कारखान्याने पहिले मनगटी घड्याळ तयार केले. पुढे १९२३ च्या प्रचंड भूकंपात कारखाना जळाला, आणि दुरुस्तीसाठी आलेली गिऱ्हाइकांची सुमारे दीड हजार घड्याळे नष्ट झाली. हात्तोरीने त्या सर्वांना बदली नवी घड्याळे विनामूल्य दिली. भूकंपाचा दोष त्याच्यावर कोणी ठेवला नसता. व्यापारी म्हणेल, यात धोरणही होते. असेल, पण चांगुलपणाला धोरणाचा स्पर्श झाला म्हणजे तो विटाळतो, असे मी मानीत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. खिशातील दूरध्वनी बिनचूक वेळ सांगत असता हे घड्याळ हवे कशाला? अचूकतेचा युक्तिवाद तर याच कंपनीने मोडून टाकला. २५ डिसेंबर १९६९ रोजी तिने स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्याची किंमत ४,५०,००० येन होती. पुढे तीच अचूकता इतकी स्वस्त झाली की तिची किंमतच उरली नाही. अर्थात माझे घड्याळ हा अलंकारच होय, हे मान्य केले पाहिजे. आणि अलंकार म्हटला की अहंकार आला. भारी घड्याळ घालणाऱ्याचा अहंकार सर्वांना दिसतो. परंतु ‘पाहा, मी किती थोडक्यात भागवितो’ हा साधेपणाचा अहंकार अधिक चिवट असतो, कारण त्याने सद्गुणाचे वस्त्र पांघरलेले असते. शिवाय जे मला माफक वाटते ते माझ्या इमारतीच्या पहारेकऱ्याला माफक नाही. ‘परवडणारे’ हा शब्द उच्चारताना कर्ता कोण, हे व्याकरणाच्या शिक्षकाने तरी विसरू नये.

आपल्याकडे या शब्दाला एकदा व्यापक अर्थ देण्याचा प्रयत्न झाला होता. जपानच्याच सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एच. एम. टी. चा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या एका घड्याळाचे नाव ‘जनता’ असे होते. परीक्षेत पास झालेल्या मुलाच्या मनगटावर ते बांधताना, जपानी मालाला नाके मुरडणाऱ्या आजोबांचा ऊर अभिमानाने भरून येई! २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

स्वस्ताईच्या बाजूने इतके बोलल्यावर तिचा एक दुष्परिणामही नोंदविला पाहिजे. आमच्या पेठेतील घड्याळजीचे म्हणणे असे की, या घड्याळाचे यंत्र खोलून, धुऊन, तेल घालण्याची मजुरी नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाते. म्हणून लोक जुने यंत्र टाकून नवे बसवून घेतात. हिशेबाने ते बरोबर आहे. परंतु जी वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे सोयीचे, तिचे आपण धनी की नुसते वापरणारे? माझ्या घड्याळाला तेल घालण्याची वेळ आणखी दोन-तीन वर्षांनी येईल. तेव्हा ते धुऊनच घ्यावयाचे, असे मी घड्याळजीला सांगून ठेवले आहे. तो सत्तरीला आला आहे, आणि त्याच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढले आहे.