आणंदचा पत्ता

ऑक्टोबर १९६४च्या अखेरीस पंतप्रधान लालबहादूर शास्त्री पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी आणंदला आले. त्या दौऱ्यातली एक रात्र त्यांनी अजरपुरा गावात एका लहान शेतकऱ्याच्या घरी काढली. खेडा जिल्ह्याची माती, पाऊस, म्हशी यांत त्यांना जगावेगळे काही आढळले नाही. मग सहकारी दुग्धव्यवसाय इथेच का फळला, असे त्यांनी तिथल्या सहकारी डेअरीचे व्यवस्थापक व्हर्गीस कुरियन यांना विचारले. इथली डेअरी शेतकऱ्यांच्या मालकीची आहे, हे त्याचे उत्तर होते. हा प्रयोग देशभर न्यायचा तर एक राष्ट्रीय संस्था हवी, असे ठरले, आणि कुरियन यांनी अट घातली: तिचे मुख्यालय दिल्लीत नको, आणंदला हवे. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणंदला उभे राहिले. ही अट बहुतेक वेळा एका करारी माणसाचा हट्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिच्यात एका जुन्या कल्पनेने फार मोठे वळण घेतले.

देशपातळीवरची संस्था राजधानीबाहेर ठेवावी, हा विचार इंग्रजांच्या काळातलाच. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, १९०५ साली, कृषी संशोधन संस्था बिहारमधल्या पुसा गावी स्थापन झाली. तिथे प्रशस्त जमीन होती, पिके डोळ्यांसमोर होती. आल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने गव्हाचे नामांकित वाण तिथेच तयार केले. जिथे पीक, तिथे संस्था, असे ते साधे तर्कशास्त्र. पण १५ जानेवारी १९३४च्या भूकंपात पुसाची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला गेली. गावाचे नावही सोबत गेले. आज ‘पुसा’ म्हटले की बहुतेकांना दिल्लीच आठवते. पडलेली इमारत पुन्हा बांधता आली असती. ती बांधली गेली नाही, कारण संस्था कुठे असावी हे ठरवण्यात आसपासच्या शेतकऱ्याला काही स्थानच नव्हते. त्याची जमीन संस्थेच्या शेजारी होती, एवढाच दोघांचा संबंध. पिकाजवळ असणे आणि पिकवणाऱ्याला बांधील असणे यांतले अंतर पुसाने दाखवून दिले.

आणंदची गोष्ट वेगळी होती, कारण तिथे मंडळ येण्यापूर्वीच मालक हजर होते. मुंबई दूध योजनेसाठी लागणारे दूध गोळा करण्याची मक्तेदारी पोल्सन कंपनीला मिळाली होती. भाव कंपनी ठरवी, दलाल कापून घेत, आणि उत्पादकाच्या हाती उरेल ते उरे. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत जानेवारी १९४६मध्ये समरखा गावी सभा झाली. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दूध द्यायचेच नाकारले. त्या संपातून खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ जन्मला. म्हणजे मुंबईच्या चहात जाणाऱ्या दुधावरूनच हा झगडा पेटला होता. पुढच्या १९ वर्षांत गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून, फॅट तपासून पैसे घेण्याची आणि हिशेबात खोट दिसली तर जाब विचारण्याची सवय रुजली. राष्ट्रीय मंडळ या सवयीच्या मधोमध आले. भाव, पशुखाद्य, कृत्रिम रेतन यांबद्दल मंडळातला तज्ज्ञ जे कागदावर मांडील, ते खरे की खोटे हे सांगणारी माणसे सायकलच्या अंतरावर होती. १९७०मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले, तेव्हा युरोपातून देणगी म्हणून आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल शहरांत विकून तो पैसा गावांतल्या दूधसंस्था उभारण्यात घालायचे ठरले. स्वस्त भुकटीच्या लोंढ्याने इथल्या दुधाचा भाव पडला तर काय होते, हे पोल्सनचे दिवस पाहिलेल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९९८च्या सुमारास भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. ते श्रेय एका पत्त्याला देणे अतिशयोक्ती होईल. पण शेजारी कोण आहे, याचा धोरणावर परिणाम झालाच नाही, असेही म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मंत्री, अर्थखाते आणि परदेशी देणगीदार दिल्लीत. दूरच्या संस्थेची फाइल मागे पडते. अडचण खरी आहे. मात्र त्यासाठी दिल्लीत संपर्क कार्यालय पुरते. संस्थेचे मन तिथे हलवण्याची गरज नसते. कोट्टयमचे रबर बोर्ड आणि गुंटूरचे तंबाखू बोर्ड दिल्लीपासून आणंदपेक्षाही दूर आहेत. दुसरा आक्षेप, लहान गावी चांगली माणसे येत नाहीत. मंडळाने त्यावर बोलत बसण्याऐवजी १९७९मध्ये आणंदलाच ग्रामीण व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘इर्मा’, सुरू करून हवी ती माणसे घडवायला घेतली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो महाराष्ट्रातून आलेला आहे. २०२४ साली ‘महानंद’चे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेले, तेव्हा महाराष्ट्राचा दूधमहासंघ गुजरातच्या हाती दिला, अशी टीका झाली. मंडळ राष्ट्रीय आहे, हे कायद्याने खरे. पण त्याच्या दारात रोज उभा राहणारा शेतकरी चरोतरचा, म्हणजे आणंद-खेडा भागातला आहे, धुळ्याचा नाही. ज्या शेजाराने मंडळाला शहाणपण दिले, तोच इतरांना परका वाटतो. याला दिल्ली हा उतारा नाही. धुळ्याच्या शेतकऱ्याला तिथेही दार नाही. शिवाय १९८७च्या कायद्यापासून मंडळाचा अध्यक्ष केंद्र सरकार नेमते. पत्ता आणंदचा राहिला, नेमणुकीची दोरी दिल्लीला गेली. आज मंडळाबद्दल जो दुरावा जाणवतो त्याचे मूळ मी आणंदपेक्षा या दोरीत शोधीन. खेडा जिल्ह्यातल्या उत्पादकांनी आपला संघ स्वतः जन्माला घातला होता. महाराष्ट्रातल्या उत्पादकाला मंडळाच्या निर्णयात तसा वाटा मिळाला, तर मुख्यालय कुठल्या राज्यात आहे हा प्रश्न पुष्कळ मागे पडेल.

म्हणूनच अमुक कार्यालय अमुक शहराला द्या, ही मागणी मला अपुरी वाटते. नोकऱ्या येतात, इमारत येते, शहराचा मान वाढतो. आणि निर्णय होते तिथेच राहतात. कांद्याचे पाहा. कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरला होते, आणि पुसाच्या तर्काने ते अगदी योग्य जागी आहे. निर्यात चालू ठेवायची की थांबवायची, हे मात्र दिल्लीत ठरते. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४मध्ये उठली. ज्यांनी ती घातली त्यांच्यापैकी कुणालाही दुसऱ्या दिवशी सकाळी लासलगावच्या बाजार समितीत, ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर जावे लागले नाही.